भागूआक्काचा बिल्ला

खोली पाहायला मी पहिल्यांदा वस्तीवर गेले, तेव्हा भागूआक्कानं भाडं सांगितलं नाही की पाण्याची सोय दाखवली नाही. दारातच उभी राहिली, डोक्यावरचा पदर खांद्याशी सरळ केला आणि तिथं टाचलेला पितळेचा बिल्ला माझ्यासमोर धरला. हमालाच्या दंडावर असतो तसला, पण जरा लहान. त्यावर छिन्नीनं कोरलं होतं, ‘हत्यार जवळ आहे’.

मला ती थट्टा वाटली. मी हसले.

“हसू नका, बाई,” ती म्हणाली. “माझ्याजवळ पिस्तूल हाय. परवान्याचं हाय. आधी सांगते. मागनं कळलं तर तुमाला वाटायचं, बाईनं लपवून ठिवलं. आता ऱ्हायचं का न्हाई ते तुमी ठरवा.”

मी राहिले. शेवगाव तालुक्यातल्या त्या गावात एकट्या मास्तरणीला खोली द्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. संगमनेरहून वडील सोबत आले होते. त्यांनी बिल्ला वाचला, आणि निघताना मला म्हणाले की जी बाई एवढं तोंडावर सांगते तिच्याकडे राहायला हरकत नाही. पण रस्त्याला लागल्यावर त्यांनी वळून त्या घराकडे पाहिलं ते मला दिसलं.

आक्का तेव्हा पन्नाशीची असेल. उंच, हाडापेरानं मोठी, आवाज घोगरा. नऊवारी लुगड्याच्या ओच्यात, कमरेला, चामड्याची एक पिशवी खोचलेली असायची. बिल्ल्याकडे लक्ष गेलं नसतं तर ती पिशवी कुणाला दिसली नसती. पानसुपारीची वाटली असती. नवरा वारला होता, एकुलती मुलगी कोपरगावकडे दिलेली, गावापासून अर्ध्या मैलावरच्या वस्तीवर ती, एक म्हैस आणि शेजारच्या दोन खोल्यांत मी.

आधी सांगणं हा तिचा स्वभावच होता. कुणाच्या घरात शिरायच्या आधी बाहेरूनच ‘आले गं’ म्हणून हाक द्यायची, आणि स्वतःच्या रिकाम्या घरात शिरतानाही द्यायची. मी विचारलं तर म्हणाली, मांजर निजलं असंल, दचकायला नको. अंगणातल्या पायरीचा एक दगड डुगडुगायचा, त्याच्यावर तिनं चुन्याचा पट्टा ओढला होता. दूध दिलं तर सांगायची, खाली जरा लागलंय. म्हैस मारकी होती. तिच्या गळ्यात लोढणं आणि शिंगाला लाल चिंधी. मुलीला एका कानानं कमी ऐकू येई. मुलगी बघायला पाहुणे आले की ते चहाला हात लावायच्या आत आक्का त्यांना हे सांगून मोकळी व्हायची. दोन स्थळं त्यापायी गेली. नातेवाइकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या वेळी ऊसवाल्याचा एक मुलगा सगळं ऐकून म्हणाला, मी उजव्या बाजूनं बोलत जाईन. तिथं लग्न झालं.

पिस्तूल नवऱ्याचं. बांधाच्या एका भांडणानंतर त्यांनी परवाना काढला आणि बंडीच्या आत पट्ट्याला अडकवून ते वागवू लागले. आक्काला त्याचा पत्ता नव्हता. तिला कळलं ते शेवगावच्या बाजारात. एका व्यापाऱ्याशी बैलाच्या दातांवरून त्यांची बोलाचाली झाली, आणि त्या माणसानं हसत हसत त्यांची गळपट्टी धरली. बाजारात हे चालतंच. पण आक्कानं पाहिलं की नवऱ्याचा हात बंडीच्या आत गेला आहे आणि चेहऱ्यावरचं सगळं पुसून गेलं आहे. तेवढ्यात कुणी तरी मध्ये पडलं, चहा मागवला गेला, भांडण मिटलं. परतताना गाडीत तिनं विचारलं, आत काय हाय? त्यांनी दाखवलं.

हे तिनं मला भाकरी थापता थापता सांगितलं होतं. काठवटीतला हात थांबला. “त्यो मानूस हसत हुता, बाई. मरन चार बोटांवर आल्तं आन त्यो हसत हुता. त्याला ठावं असतं तर त्यानं गळपट्टी सोडली असती. येवढंच करायचं हुतं त्याला.”

मग पुन्हा भाकरीवर हात फिरू लागला. पण त्या दिवशीची ती भाकरी करपली.

नवरा तापानं गेला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. नद्या-ओढे आटले, चाऱ्यावाचून जनावरं विकली गेली, आणि तालुक्यात आडबाजूच्या वस्त्यांवर चोऱ्या होऊ लागल्या. आक्काच्या विहिरीला मात्र तळाशी पाणी होतं. फौजदार म्हणाले, बाई, एकट्या आहात, हत्यार जमा करू नका, परवाना तुमच्या नावावर करून घ्या. तिनं विचारलं, मग त्याचा बिल्ला कुठं मिळंल? फौजदारांना कळेना. कोतवालाला बिल्ला असतो, हमालाला असतो, पट्टेवाल्याला असतो. कुणापाशी काय काम आहे ते लोकांना कळावं म्हणून. मग जवळ मरण घेऊन हिंडणाऱ्याला का नसावा, असं तिचं म्हणणं. फौजदार म्हणाले की कायद्यात असं काही नाही. लावू नये असं हाय का, तिनं विचारलं. तसंही नव्हतं. तेव्हा ती नगरला गेली आणि एका ओताऱ्याकडून बिल्ला करून घेऊन आली. ओताऱ्यानं विचारलं होतं, कोणत्या हापिसात शिपाई लागलात?

गावानं आधी चेष्टा केली, मग सवय करून घेतली. आमच्या शाळेत झेंडावंदनाला ती आली तेव्हा हेडमास्तर फाटकापाशी घाईनं गेले आणि हात जोडून म्हणाले, मुलांच्या आवारात हे नको. मी लांबून पाहत होते. मला वाटलं, आता वाजणार. आक्का लगेच मागं सरली. रस्त्याच्या कडेला उभी राहून तिनं झेंड्याला हात जोडले. वाटेत मी म्हटलं, तुम्हाला राग नाही आला? ती म्हणाली, राग कसला, बिल्ला त्याच्यासाठीच तर लावला. मास्तरला न्हाई म्हनता आलं. दिसलंच नसतं तर त्यांनी काय म्हनून अडवलं असतं?

पण एक गोष्ट तिला खात होती. दुष्काळात तिनं विहीर सगळ्यांना खुली केली होती. आजूबाजूच्या बाया घागरी घेऊन यायच्या, आणि पाण्यावरून भांडणं ठरलेली. एकमेकींच्या सात पिढ्या काढायच्या. आक्का मध्ये बोलली की सगळ्या गप्प. कुणी उलट बोलत नसे, तिचं चुकलं तरी. एकदा तिनं एका बाईचा नंबर विसरून दुसरीला पुढं घेतलं. ती बाई नुसती मान खाली घालून उभी राहिली. आक्का संध्याकाळी ओट्यावर बसून मला म्हणाली की पूर्वी हीच बाई माझ्या अंगावर धावून आली असती. मग हातानं बिल्ला चाचपला आणि म्हणाली, लोकांनी जपावं म्हनून लावला, त्या भ्यायला लागल्या. ह्याला काय करावं?

 

गावात पिस्तूल बाळगणारी ती एकटी नव्हती. सरपंच बाजीरावांकडे एक होतं, त्यांच्या भावकीतल्या एकाकडे एक, आणि त्यांचा पुतण्या वसंत याच्याकडे एक. वसंत तिशीच्या आतला, बोलायला गोड, बुशशर्ट बाहेर सोडणारा. गावाजवळ रस्त्याचं दुष्काळी काम चाललं होतं. शेकडो माणसं उन्हात खडी फोडत बसायची, आणि त्या कामावर वसंत मुकादम होता. त्याच्या शर्टाखाली काय आहे ते गावातल्या चार जाणत्यांना ठाऊक होतं. खडी फोडणाऱ्यांना नव्हतं. त्यातले निम्मे पाथर्डीकडच्या गावांतून आलेले.

त्या उन्हाळ्यात चावडीपुढं ग्रामसभा भरली. पाण्याचे टँकर, जनावरांची छावणी, असे विषय झाले. मग आक्का उभी राहिली आणि म्हणाली की ज्याच्या अंगावर हत्यार असंल त्यानं चावडीत, देवळात, बाजारात आणि कामावर बिल्ला लावावा, असा गावानं ठराव करावा. चारही नावं तिनं घेतली, पहिलं स्वतःचं. माणसं एकमेकांच्या शर्टांकडे बघू लागली.

वसंत शांतपणे बोलला. त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं. तो म्हणाला, हत्यार लपलेलं असतं म्हणूनच चोर भितो. कुणाकडे आहे हे त्याला कळत नाही म्हणून तो सगळ्यांनाच भितो. हत्यारवाल्यांनी बिल्ले लावले तर चोराला वाचता येईल, हा मोकळा आहे, याला धरा. म्हणजे आक्का, तुम्ही गरिबालाच उघडं पाडताय.

काहींनी माना डोलावल्या. मलाही क्षणभर ते पटलं.

आक्का म्हणाली, “चोर रोज येत न्हाई, वसंता. लोक रोज येत्यात. तुझ्याशी कुणी पान्यावरनं भांडंल, कुणी हजेरीवरनं बोलंल. त्याला ठावं पाहिजे, आपन कुनाशी बोलतोय ते.”

मागं बसलेल्यांतला एक मजूर हळूच म्हणाला की ठावं झालं तर आमी बोलनारच न्हाई मग. लोक हसले. आक्का हसली नाही. ती म्हणाली, गप बसलेलं दिसंल तरी. मेलेलं नको दिसायला.

ठराव झाला नाही. सरपंचांनी विषय कायद्यात बसत नाही म्हणून बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी आक्का सरळ रस्त्याच्या कामावर गेली, खडीच्या ढिगावर चढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं की मुकादमाच्या कमरेला पिस्तूल हाय, समद्यांनी जपून ऱ्हावं. वसंत सावलीत उभा होता. तो नुसता हसला, पण त्यानं शर्ट खाली ओढला.

त्याच आठवड्यात सरपंच वस्तीवर आले. मी ओट्यावर पेपर तपासत होते. त्यांनी चहा घेतला, विहिरीत डोकावले, पाणी किती आहे विचारलं, म्हशीची चौकशी केली. उठताना म्हणाले, “आक्का, वस्तीवर एकल्या ऱ्हाता. ह्या बाई परगावच्या. आमचं लक्ष असतं, पन किती लक्ष ठिवनार?”

“लक्ष हाय ते कळलं,” आक्का म्हणाली. “बरं झालं, तुमीबी आधी सांगितलं.”

ते गेल्यावर तिनं दाराला आतून कडी घातली. मी तिथं राहिल्यापासून भर दिवसा कडी घातलेली ती पहिली वेळ. मला म्हणाली, तुमी गावात खोली बघा, मी सांगते मास्तरला. मी गेले नाही. मोठं धाडस केलं असं नाही. मला कुणी खोली दिली नसती.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात ते त्यांच्यातल्या शांततेमुळे. वारा पडलेला असायचा. कामावरच्या हातोड्यांचा आवाज वस्तीपर्यंत यायचा, सारखा, एकसुरी. आणि मध्येच तो थांबला की आक्का हातातलं काम टाकून त्या दिशेला कान द्यायची. पुन्हा सुरू झाला की श्वास सोडायची. तिनं कामावर पाणी पोचवायला सुरुवात केली होती. विहिरीवरून पिंप भरायचं, भाड्याचे बैल जुंपलेल्या गाडीवर चढवायचं आणि स्वतः घेऊन जायचं. मी म्हणायचे, माणूस लावा. ती म्हणायची, मला तिथं असायचंय.

ते घडलं तेव्हा ती तिथं होती. कामावर त्या दिवशी पाथर्डीकडची नवी टोळी आली होती. त्यात रघू नावाचा एक तरणा माणूस आणि त्याची बायको कौसा. ढिगावरून आक्कानं सांगितलेलं त्यांनी ऐकलेलं नव्हतं. पिंपापाशी गर्दी झाली. कौसाच्या कडेवर पोर होतं, ती रांग सोडून पुढं घुसली, वसंतनं तिला हातानं मागं ढकललं. ती खडीवर पडली. पोर रडायला लागलं. रघू आला आणि त्यानं वसंतची गळपट्टी धरली.

आक्का गाडीवर उभी होती, हातात पिंपातलं पाणी काढायचा तांब्या. तिनं मला पुढं कित्येकदा सांगितलं की मी आधी रघूकडं बघितलंच न्हाई, वसंताच्या हाताकडं बघितलं. हात शर्टाच्या आत गेला. ती ओरडली, “सोड रं त्याला, त्याच्याजवळ हाय.” रघूनं वळून तिच्याकडं पाहिलं. वसंतजवळ काय आहे ते त्याला कळलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर नुसता प्रश्न होता.

मग आवाज झाला. मी शाळेत होते. आम्हाला वाटलं, सुरुंग लावला असेल.

संध्याकाळी पोलीस आले, पंचनामा झाला, वसंत स्वतःच जाऊन हजर झाला. आक्का वस्तीवर आली तेव्हा तिचा पदर रक्तानं भिजला होता. रघूचं डोकं तिनं मांडीवर घेतलं होतं. ती अंगणात आली आणि चुन्याचा पट्टा ओढलेल्या त्या पायरीवर बसून राहिली. हाक देऊन आत आली नाही. मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, “मी म्हनले, त्याच्याजवळ हाय. काय हाय ते म्हनायचं ऱ्हायलं, बाई.”

खटला नगरला उभा राहिला तो पुढच्या वर्षी. मध्यंतरी पाऊस झाला, काम बंद पडलं, माणसं पांगली. शेकड्यांनी माणसं तिथं होती, पण साक्षीला उभं राहिलं ते कौसा आणि आक्का. बाकीच्यांनी काही पाहिलं नव्हतं. जे वसंतच्या बाजूनं आले त्यांनी रघूच्या हातात खडी फोडायची हातोडी पाहिली होती. आक्कानं सांगितलं की त्याचे दोन्ही हात गळपट्टीवर होते, तिसरा हात त्याला न्हवता.

कोर्टात जाताना तिनं बिल्ला काढून ठेवला. मी सोबत होते. वसंतच्या वकिलानं तेच धरलं. तुम्ही गावभर बिल्ला मिरवता, आज का नाही लावला, कोर्टापासून काय लपवताय, असं त्यानं विचारलं. आक्का म्हणाली की पिस्तूल घरी कुलपात हाय. जवळ नसताना बिल्ला लावला तर ते खोटं बोलनं झालं. न्यायाधीशांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग वकिलानं विचारलं की मयताला ठाऊक नव्हतं हे तुम्ही कशावरून म्हणता, तुम्ही तर ओरडून सांगितलं होतं. बरोबरच होतं, ती ओरडली होती, आणि तिच्या त्या ओरडण्याचाच त्यांनी पुरावा केला. माणसाला सावध केलं होतं, तरी त्यानं सोडलं नाही, म्हणजे तो जिवावर उठला होता.

वसंत सुटला. गोळी स्वतःचा जीव वाचवण्यासाठी झाडली, असं ठरलं.

कौसा कोर्टाच्या पायरीवर बसली होती. आक्का तिच्याशेजारी बसली. मग कौसा पोराला घेऊन पाथर्डीच्या गाडीला गेली. आक्कानं तिला वस्तीवर राहायला बोलावलं होतं. ती नको म्हणाली.

यानंतर जे झालं त्याची कल्पना आम्हा दोघींनाही नव्हती. सुटून आल्यावर महिन्याभरात वसंतला पिस्तूल परत मिळालं आणि त्यानं बिल्ला लावला.

आक्काच्या बिल्ल्याच्या दुप्पट, चकचकीत, छातीवर खिशाच्या वर. अक्षरं तीच. मग सरपंचांनी लावला, मग त्यांच्या भावकीतल्यानं. वसंत चावडीत म्हणाला म्हणे की आक्कांचं बरोबर होतं, लोकांना माहीत पाहिजे. तो वाटेनं आला की माणसं कडेला व्हायची. दुकानात तो आला की रांग आपोआप मोडायची. ग्रामसभेत आता वादच होत नसत. तिघं पुढं बसायचे आणि ठराव एकमतानं व्हायचे. कुणाला कुणी धमकी दिली, दम भरला, असं काही नाही. गरजच नव्हती.

एक दिवस मधल्या सुट्टीत मी पाहिलं, वर्गातली मुलं सोडावॉटरच्या बाटल्यांची बुचं दगडानं ठेचून शर्टाला टाचत होती. तीन मुलं बिल्लेवाली झाली. बाकीची भिंतीला लागून उभी राहिली आणि त्यांना वाट देऊ लागली. खेळाचा नियम कुणी समजावून सांगितला नव्हता. त्यात एक बारका मुलगा होता, त्यानं वाट दिली नाही. त्याला तिघांनी काही केलं नाही. इतरांनीच ओढून भिंतीला लावलं.

मी हे घरी येऊन आक्काला सांगायला नको होतं असं आता वाटतं, पण तेव्हा सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी उभं राहून स्वतः पाहिलं. पिस्तूल घरी ठेवून आली होती. घरी आल्यावर जेवली नाही. “पितळ तेच हाय,” एवढंच म्हणाली.

आठवड्याच्या बाजाराला ती शेवगावला गेली आणि पोलीस ठाण्यात पिस्तूल जमा करून आली. परवाना नको म्हणून अंगठा दिला. नवे फौजदार समजूत घालत होते की बाई, दिवस वाईट आहेत, वस्तीवर एकट्या आहात. ती म्हणाली, ते मला ठावं हाय. मग तिनं बिल्लाही टेबलावर ठेवला. हवालदार म्हणाला, हा सरकारी नाही, घेऊन जा. तिनं नेला नाही.

त्या दिवसापासून ती रात्री कंदील जास्त वेळ जळता ठेवू लागली. विहिरीकडच्या वाटेवर कधी बिडीचा निखारा दिसायचा, तेव्हा आम्ही दोघी बोलता बोलता थांबायचो. कुणी वस्तीवर आलं नाही. नुसतं उभं राहून परत जायचं.

पुढं काही वर्षांनी मला त्या गावचं एक माणूस भेटलं, त्याच्याकडून बाकीचं कळलं. कुठल्याशा साहेबानं येऊन तिघांना बिल्ले काढायला लावले. मग पुन्हा कुणापाशी काय आहे ते कळेनासं झालं, पण लोकांची वाट द्यायची सवय गेली नाही. वस्तीला कुलूप आहे, विहिरीवर वसंतरावांचं इंजिन चालतं. आक्का कोपरगावला मुलीकडे राहिली आणि तिथंच वारली. जमीन तिनं विकली की काय झालं, ते त्याला माहीत नव्हतं, किंवा त्याला सांगायचं नव्हतं.

मी तिला शेवटची पाहिली ती माझी बदली झाली तेव्हा. तिला मुलीकडे जायचं होतं, म्हणून आम्ही एकाच एस.टी.त बसलो. मी शेवगावला उतरणार होते, तिथं वडील यायचे होते. ती पुढं नेवाशाला जाऊन गाडी बदलणार होती. गाडी खच्चून भरलेली. आम्ही मागं दांडीला धरून उभ्या होतो. फाट्यावर वसंत चढला. पुढच्या बाकावरचे दोघं न बोलता उठले. तो खिडकीशी बसला. त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली. गाडीत माणसं एकमेकांच्या अंगावर उभी होती, एक बाई दिवस भरत आलेली होती, कंडक्टर घंटीची दोरी धरून उभा होता, आणि ती जागा रिकामी. कुणी तिच्याकडं बघतही नव्हतं.

थोडा वेळ गेला. मग आक्कानं तिची पिशवी माझ्या हातात दिली आणि गर्दीतून वाट काढत पुढं निघाली. मी तिचं लुगडं धरायला हात पुढं केला, पण ती तोवर पोचली होती.

“सरक,” ती त्याला म्हणाली.

तो आणखी खिडकीकडे सरकला. ती बसली. मग मागं वळून त्या दिवस भरलेल्या बाईला हाक मारली. ती बाई यायला तयार नव्हती. नुसती मान हलवत राहिली. आक्कानं आणखी एकदा बोलावलं, आणि मग बोलावणं सोडून दिलं.

शेवगावला मी उतरले. पिशवी खिडकीतून, वसंतच्या समोरून, तिच्याकडे दिली. तिनं ती मांडीवर घेतली, वाकून खिडकीबाहेर हात काढून माझ्या डोक्यावरून फिरवला. तिच्या अलीकडे वसंत बाहेर बघत होता, जणू शेजारी कुणी नाहीच. गाडी हलली. धूळ उडाली तरी मला बराच वेळ खिडकीतून तिची पाठ दिसत होती, ताठ, बाकाच्या कडेवर. आणि तिच्यामागं दाटीवाटीनं उभी असलेली सगळी माणसं, कुणाचंही तोंड तिच्याकडे नसलेली.